चौथी डिश

प्रयोगशाळेत मला सगळे घड्याळताई म्हणतात. तोंडावर तरी हेच म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्याजोगं नाही. सत्तावीस वर्षं मी काचेच्या डिशमधली माशांची अंडी ठरल्या वेळी औषधात घालते आणि ठरल्या वेळी बाहेर काढते. चार म्हणजे चार. चार वाजून दोन मिनिटं झाली की माझ्या लेखी दुसरा दिवस उजाडला. या नावाचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

म्हणूनच चौथ्या डिशवरून मुंगीला घरी पाठवायची वेळ आली, तेव्हा माझ्या वेळेवर कुणी शंका घेतली नाही. मुंगी म्हणजे आमच्याकडे डॉक्टरेट करणारी मुलगी. एकोणतीस वर्षांची, काटकुळी, सदान्‌कदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असलेली. शुक्रवारी समितीची बैठक होती. चौथ्या डिशचा निकाल तिला पुन्हा काढून दाखवता आला नाही, तर तिचं काम बंद करायचं, असं सरांनी सांगितलं होतं. पाच वर्षं पाण्यात. आमच्या धंद्यात अक्षरशः.

आमचे मासे बोटाच्या पेराएवढे. अंडं काचेसारखं आरपार, त्यामुळे आतलं पिल्लू घडताना दिसतं. त्याची पाठ एकदम तयार होत नाही. डोक्याकडून शेपटीकडे एकेक खंड पडत जातो, आणि त्यातूनच पुढे मणके नि स्नायू होतात. पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवलं, तर दर अर्ध्या तासाला एक खंड. ना पंचवीस मिनिटांनी, ना पस्तीस. माणसांपेक्षा मला हे मासे बरे वाटतात ते त्यामुळेच.

खंड नीट रेषेत पडायचे तर शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी बोलावं लागतं. ते बोलणं रिसेप्टरमधून चालतं. हे मी एकदा दादाला समजावलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा.

"पेशीच्या कातडीत तो रुतलेला असतो," मी म्हणाले. "एक टोक बाहेर, एक आत."

"म्हणजे लिफ्टचं बटण. बाहेर बोट, आत तार."

"पण आमचं बटण दाबत नाहीत, ओढतात. शेजारची पेशी बाहेरचं टोक धरते आणि खेचते. खेचलं की तो तुटतो. आतला तुकडा सुटतो आणि पेशीच्या मधोमध जाऊन निरोप सांगतो."

"बटण तुटल्यावर निरोप पोचतो? असली लिफ्ट बसवली तर लोक मला जोड्याने मारतील."

"एकदा तुटला की तो गेला. पेशी नवा करते."

"आणि तुझं ते औषध?"

"ते आतला तुकडा सुटू देत नाही. शेजारीण ओढतेय, बाहेर सगळं ठीक दिसतंय, आत मात्र काहीच जात नाही."

"हात्तिच्या," दादा म्हणाला. "हे तर माझं रोजचंच. बटण दाबलं, दिवा लागला, माणूस उभा. वरच्या खोलीत मोटरला पत्ताच नाही."

त्या दिवसापासून खंडांना तो मजले म्हणायला लागला. रोज चारला दहा कमी असताना त्याचा फोन यायचा. त्याची चहाची वेळ. "काय मासोळी, किती मजले झाले?" मी आकडा सांगायची, तो "चढवा, चढवा" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. मी लग्न केलं नाही, घरी कुणी वाट बघणारं नाही. दिवसभरात मला कुणी काही विचारलं असेल तर ते एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगते.

सरांचा प्रश्न साधा होता. औषध जास्त वेळ ठेवलं तर पाठ सावरायला किती वेळ लागतो? एका खोलीत आम्ही माशांचे दिवसरात्र उलटे करून ठेवलेत, त्यामुळे अंडी मध्यरात्रीनंतर पडतात आणि पहिला खंड सकाळी अकराच्या सुमारास दिसतो. चार डिश, प्रत्येकीत साठ अंडी, आणि तुलनेसाठी एक बिनऔषधाची. साडेअकराला चारींत औषध. मग पहिली डिश एकला धुवायची, दुसरी दोनला, तिसरी तीनला, चौथी चारला. धुवायची म्हणजे औषधाचं पाणी ओतून द्यायचं, स्वच्छ पाण्याने तीनदा खंगाळायचं आणि डिश परत उबदार कपाटात ठेवायची. आठ मिनिटं लागतात.

आणि इथे माझी एक सवय. धुताना हातमोजे ओले होतात आणि वहीचा चिखल होतो. म्हणून मी वेळ आधी लिहिते, मग मोजे चढवते. "चौथी डिश, ४.००" असं लिहून मगच हात पाण्यात. कुणी नवं माणूस असं करताना दिसलं असतं तर मी त्याचा कान धरला असता. पण मला कधी उशीर झालाच नव्हता.

चारला दहा कमी होते. दादाचा फोन यायचा म्हणून चौथी डिश जरा आधीच कपाटातून काढून ओट्यावर ठेवली, वहीत ४.०० लिहिलं, आणि फोन वाजला. मी पाहिलंसुद्धा नाही कुणाचा आहे ते. औषध न घातलेल्या डिशमधले खंड नुकतेच मोजले होते.

"दहा झाले," मी म्हणाले.

पलीकडे वहिनी होती. "अगं, हे गेले," ती म्हणाली. "आत्ता गेले. दवाखान्यात आणलं, पण गेले."

एका इमारतीची लिफ्ट त्याने स्वतःच दुरुस्तीला बंद ठेवली होती. म्हणून जिना चढून गेला आणि चौथ्या मजल्यावर बसला तो बसलाच.

मी "बरं" म्हणाले. हे मला पक्कं आठवतं. "बरं, येते." मग डिश धुतली, कपाटात ठेवली, पिशवी उचलली, बसस्टॉपवर गेले. सगळं क्रमाने आठवतं, मधे कुठे फट नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा सात वाजले होते. बस उशिरा आली असणार, असं मी धरून चालले.

त्यानंतर मी रडले नाही. पुढचं सगळं पार पडलं तेव्हाही नाही. लोक येत होते, माझा हात हातात घेऊन बोलत होते, आणि माझं लक्ष त्यांच्या हाताच्या तापमानाकडे. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, कारण अंडी रंगवून खंड मोजायचे होते. मोजले. वाईट वाटत नव्हतं असं नाही, काहीच वाटत नव्हतं. दात काढण्याआधी सुई देतात ना, नंतर ओठ चावला तरी कळत नाही, तसं. पहिल्या आठवड्यात मला त्याची भीती वाटली. मग तीही वाटेनाशी झाली.

वहिनीला मात्र ते लागलं. ती घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. माझ्या वेण्या तिनेच घातल्यात, मला बोलायचा हक्क तिचा आहे आणि तिने तो वापरला.

"पावणेचारला माणूस गेल्याचं सांगितलं, बाईसाहेब सातला आल्या," ती म्हणाली. "मासे आवरून आलीस ना? दगडालासुद्धा पाझर फुटतो गं."

उलट बोलायला राग यावा लागतो.

"आणि तो मेला फोन," ती पुढे बोलतच राहिली. "ह्यांच्या वस्तू माझ्या हातात दिल्या, पिशवीत ह्यांचा फोन. सारखा वाजतोय. थांबतोय, परत वाजतोय. दीड तास. कुणाची तरी लिफ्ट अडकली असेल, माणसाला काही लाज? शेवटी मी तो बंदच करून टाकला." तिने तो फोन कपाटात कपड्यांखाली ठेवला होता आणि पुन्हा चालू केला नव्हता.

इकडे चौथ्या डिशने सरांना वेड लावलं. पहिल्या तीन डिश शहाण्यासारख्या वागल्या होत्या. एक तास उशिरा धुतली की पाठ दोन खंड उशिरा सावरते, सरळ हिशेब. चौथी तिसरीपेक्षा दोन खंड मागे हवी, ती पाच खंड मागे. आणि साठच्या साठ पिल्लांत तेच. सर खुर्चीतून उठलेच. "रिसेप्टर थकतो!" ते म्हणाले. "एका मर्यादेपलीकडे दाबून ठेवला की पेशी नवा करायलाच विसरते!" दोन परिषदांत ते हे बोलून आले. कुणीतरी विचारलं, वेळेची खात्री आहे का? सर हसले आणि म्हणाले, आमच्याकडे एक बाई आहेत.

मग मुंगीला कामाला लावलं. तिने तोच प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा चौथी डिश निमूटपणे दोनच खंड मागे. ना थकवा ना काही. "नाचता येईना अंगण वाकडं," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "ताईंच्या हाताला जमलं, तुझ्या हाताला का जमत नाही?" मुंगीने औषध बदललं, पाणी बदललं, तापमापक बदलले. शेवटी शेवटी ती स्वतःच्या हातांकडे बघत बसायची. एकदा संडासात तिला ओकताना ऐकलं मी. बाहेर आली तेव्हा मी तिला रुमाल दिला आणि अंड्यांचं पाणी बदलायची वेळ झालीय असं सांगितलं. मला तिची दया यायला हवी होती, हे मला समजत होतं.

गुरुवारी दुपारी, बैठकीच्या आदल्या दिवशी, ती माझ्या ओट्याशी आली.

"ताई, एक शेवटचं. तुमची जुनी पिल्लं एकदा परत मोजाल? माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नाही."

रंगवलेली पिल्लं नळीत जपून ठेवलेली होती. काढली. एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. डावी बाजू, उजवी बाजू. सुरुवातीचे खंड नीट, मग औषधाचा गोंधळ, मग पुन्हा नीट रेषा. पाच खंड मागे. पुढचं पिल्लू, पाच. पुढचं, पाच. विसाव्या पिल्लाशी मी थांबले.

थकलेल्या पेशी अशा नसतात. सत्तावीस वर्षांत आजारी पाठी मी हजारांनी पाहिल्यात. कुणी तीन मागे पडतं, कुणी सात, कुणी वाकडंच होतं. ही पिल्लं ठणठणीत होती. दोन हवे होते, पाच होते. तीन खंड जास्त. दर अर्ध्या तासाला एक.

मी ते मनात दोनदा केलं, कारण उत्तर मला पटत नव्हतं. दीड तास.

उबदार कपाटाला एक यंत्र आहे, ते कागदाच्या पट्टीवर आतलं तापमान सतत रेखाटत असतं. दार उघडलं की रेघ जराशी खाली येते. दर सोमवारी पट्टी मीच बदलते, तारीख मीच घालते, फाइलला मीच लावते. साडेचार महिन्यांत ती फाइल कुणी उघडली नव्हती. वहीत माझ्या अक्षरात ४.०० असताना पट्टी कोण बघणार? काखेत कळसा म्हणतात तो हाच.

ती पट्टी काढली. एक वाजता दोन खळगे, आठ मिनिटांच्या अंतराने: डिश बाहेर, डिश आत. दोनला तसेच. तीनला तसेच. मग चारला दहा कमी असताना एक खळगा. त्याच्यापुढे रेघ सरळ. सरळ, सरळ, सरळ. पुढचा खळगा पाच वाजून अडतीस मिनिटांनी.

माशांची खोली पिल्लांसाठी उबदारच ठेवलेली असते, त्यामुळे ओट्यावरही त्यांची वाढ चालू राहिली. औषधात. माझ्या समोर. मी तिथे पावणेदोन तास होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"काय झालं?" मुंगीने विचारलं.

"उद्या सांगते," मी म्हणाले. त्या क्षणी सांगायला हवं होतं, तिची एक रात्र वाचली असती. पण तोंडच उघडेना.

शुक्रवारी समितीपुढे मी पट्टी ठेवली. सवय सांगितली, आधी लिहायचं, मग करायचं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पट्टी उजेडात धरली, उलटी करून पाहिली, जणू पाठीमागे दुसरी वेळ असेल.

"ताई, तुमच्याकडून?" ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "हे आजच सांगायला हवं होतं का?"

"साडेचार महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं, सर."

मुंगीचं काम वाचलं. तिचे तिन्ही प्रयोग खरे ठरले, सरांचा थकवा मोडीत निघाला. मला वाटलं ती आभार मानेल. बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी माझ्या हातांना शिव्या देत होते," ती म्हणाली. "रोज. तुमच्यामुळे."

"माझं चुकलं," मी म्हणाले. खरंच चुकलं होतं. पण ते शब्द मला दुसऱ्या कुणाचे तरी वाटले.

ती जायला वळली, आणि परत फिरली. रागावलेली होतीच, पण मुंगी ती, प्रश्न टाकून देणं तिला जमत नाही.

"ताई, तेवढा वेळ काय करत होतात तुम्ही?"

"आठवत नाही."

"नुसत्या बसला होतात?"

मी उत्तर देणार होते, हो, बसले असेन. पण तिने "तेवढा वेळ" म्हटलं आणि वहिनीचा आवाज माझ्या कानात बोलला. थांबतोय, परत वाजतोय. दीड तास. माझा फोन जुना, बटणांचा. शेवटचे दहा फोन तेवढे ठेवतो, मागचं पुसून टाकतो. त्यात बघण्यात अर्थ नव्हता. मी पिशवी घेतली आणि वहिनीकडे गेले. तीन वाजले होते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वेळेआधी निघाले, आणि बस वेळेवर आली.

वहिनीने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. काही टोचून बोलायचं होतं तिला, ते तिने गिळलं.

"दादाचा फोन हवाय," मी म्हणाले.

तिने "कशाला" विचारलं नाही. कपड्यांखालून काढला, तारेला लावला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. फोन मेलेला होता, बराच वेळ नुसतं चार्जिंगचं चिन्ह लुकलुकत राहिलं. मी तिला सगळं सांगितलं. वहीतलं, पट्टीतलं, मुंगीचं. रिसेप्टरचं सांगायला लागले तर म्हणाली, "ते माहितीये मला, बटणाचं. हे रात्री जेवताना रोज सांगायचे."

फोन चालू झाला. वहिनीने चष्मा लावला.

"त्या दिवशीचे," ती म्हणाली. "घेतले नाहीत ते." बोटाने वर सरकवत ती वाचायला लागली. "तीन छप्पन्न. मासोळी. चार वाजून दोन. मासोळी. चार अकरा, मासोळी. चार वीस." मग नाव वाचायचं तिने सोडून दिलं, नुसत्या वेळा वाचत गेली. शेवटची पाच सव्वीस. "अकरा आहेत," ती म्हणाली. "लिफ्टवालं कुणीच नाही गं. सगळ्या तूच."

मला अजूनही त्यातलं काही आठवत नाही. मी बोटांकडे पाहिलं. त्यांनी ते केलं होतं, अकरा वेळा, आणि मला कळवलं नव्हतं.

"माझ्या मांडीवर वाजत होता," वहिनी म्हणाली. "आणि मी शिव्या दिल्या. पाहिलंसुद्धा नाही कोण आहे. नुसतं पाहिलं असतं तरी..." तिने चष्मा काढला. "आणि तुला दगड म्हणाले."

"तू उचलला असतास तर मी काय बोलले असते?"

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच-सात मिनिटं कमी होती. मला वाटतं तिनेही ते पाहिलं. मग तिने टेबलावरून माझं मनगट धरलं, घट्ट, वेणी घालताना मी हलले की धरायची तसं, आणि स्वतःकडे ओढलं.

"काय मासोळी," ती म्हणाली. तिला ते नीट जमलं नाही, तिचा आवाज फाटला. "किती मजले झाले?"

"दहा," मी म्हणाले. "दहा झाले, दादा," आणि मला रडू आलं.